हिवाळ्यातलं वादळ पूर्वेकडून येतं: गल्लीने मिळून त्याच्यावर नजर कशी ठेवायची

मी बेळगावजवळच्या येळ्ळूरला राहते. घराला लागून आमची पिठाची गिरण आहे. तिच्या हिशेबाच्या वहीची मागची पानं २०२१ पासून मी पावसासाठी राखून ठेवली आहेत. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ऐन सुगीत आमचं दोन एकर भात कापून शिवारात पसरलेलं होतं. संध्याकाळी सगळ्यांनी सवयीने पश्चिमेला, जांबोटीच्या दिशेला बघितलं. आभाळ निवळ होतं, म्हणून निवांत झोपलो. पाऊस रात्री आला, तोही पाठीमागून, पूर्वेच्या बैलहोंगलच्या अंगाने. तीन दिवस उघडीप मिळाली नाही. चौथ्या दिवशी पेंढी उचलली तर लोंब्यांना पांढरे मोड आलेले होते. सासूबाई बांधावर बसून ते मोड नखाने खुडत राहिल्या, काही बोलल्या नाहीत.

तेव्हापासून आमच्या गल्लीतली अकरा घरं मिळून हिवाळ्यातल्या वादळावर नजर ठेवतात. पद्धत साधी आहे, पैसे जवळजवळ लागत नाहीत. बेळगाव, खानापूर, चंदगड, निपाणी, कुठल्याही गावात ती चालेल, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी तोंड फिरवा

मृगापासून दसऱ्यापर्यंत आपला पाऊस सह्याद्रीकडून येतो. कणकुंबी, जांबोटी काळवंडली की तासाभरात आपल्याकडे सर. घरांच्या पश्चिमेच्या भिंतींना आपण प्लास्टिक लावतो, गोठ्याचं तोंड पूर्वेला ठेवतो, पिंजरीची गंजीही त्याच हिशेबाने रचतो. ऑक्टोबर ते डिसेंबरात हे सगळं उलटं होतं. बंगालच्या उपसागरात कमी दाब तयार होतो, तमिळनाडू किंवा आंध्रच्या किनाऱ्यावर येतो आणि जमिनीवरून पश्चिमेला सरकतो. वारं मोडतं, पण ओल शिल्लक राहते. तीच ओल आपल्या भातावर पडते.

बातम्यांत "वादळ किनाऱ्याला धडकलं, जोर ओसरला" असं सांगतात तेव्हा आपलं काम सुरू होतं. पुदुच्चेरी ते बेळगाव सरळ रेषेत सातशे किलोमीटरच्या आसपास आहे. उरलेलं वादळ ताशी दहा-पंधरा किलोमीटरने सरकलं तर दोन ते तीन दिवस हातात असतात. फेंगल चक्रीवादळ ३० नोव्हेंबर २०२४ च्या रात्री पुदुच्चेरीजवळ जमिनीवर आलं आणि ३ डिसेंबरला त्याचं उरलेलं अंग कर्नाटकाच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्रात उतरलं. ते आपल्या दक्षिणेकडून गेलं, म्हणून खरा जोर मंगळूर-उडुपीकडे झाला. थोडं वर सरकलं असतं तर आपली पाळी होती. त्या तीन दिवसांत काय उचलायचं आणि काय झाकायचं, हे गल्लीने ठरवायचं असतं.

कधीकधी वादळ अरबी समुद्रातूनही वर चढतं. डिसेंबर २०१७ मधलं ओखी तसंच लक्षद्वीपवरून गुजरातच्या दिशेने गेलं होतं. ते ओळखायची खूण वाऱ्यात असते, ती पुढे सांगते.

फोनवर काय बघायचं

फोनमधल्या हवामानाच्या चित्रावर "७० टक्के पाऊस" लिहिलेलं असतं, त्यावर भात कापायचं ठरवू नका. भारतीय हवामान खात्याचं 'मौसम' ॲप घ्या, विजांसाठी 'दामिनी', आणि इशाऱ्यांसाठी 'सचेत'. बेळगाव जिल्ह्याचा अंदाज बंगळूरचं केंद्र देतं आणि त्यात आपण "उत्तर अंतर्गत कर्नाटक" या भागात येतो. शिनोळीच्या पलीकडे चंदगड मध्य महाराष्ट्रात मोडतं, तिथला इशारा मुंबईहून निघतो. आमच्या शिवारापासून चंदगडची हद्द फार लांब नाही, म्हणून आम्ही दोन्ही बघतो. एकीकडे पिवळा आणि दुसरीकडे नारिंगी असेल तर नारिंगी धरून चालतो.

पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हाताला काम लावा. सोबत शब्दही नीट वाचा. "तुरळक ठिकाणी" म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव ठिकाणी पाऊस. "बहुतांश ठिकाणी" म्हणजे चारातल्या तीनहून जास्त. खात्याच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की मुसळधार, ११५.६ च्या वर अति मुसळधार. पण अडीच ते साडेपंधरा मिलिमीटरला ते "हलका" म्हणतात, आणि कापून पसरलेल्या भाताला तो हलका नसतो. दहा मिलिमीटरने पेंढीचा गाभा भिजतो. आपलं भात कुठल्या अवस्थेत आहे, त्यावर आकड्याचा अर्थ लावायचा.

कमी दाबाच्या पायऱ्याही माहीत असाव्यात. वारा ताशी ३१ ते ५० किलोमीटर असला की डिप्रेशन, ५१ ते ६१ डीप डिप्रेशन, ६२ पासून पुढे चक्रीवादळ, आणि त्याला नाव मिळतं. नाव नसलेल्याकडे लोक दुर्लक्ष करतात, तिथे चूक होते. आपल्याकडचं बरंच नुकसान बिननावाच्या पावसाने केलं आहे.

फोनवर येणारे इशाऱ्याचे संदेश बऱ्याचदा कन्नडमध्ये असतात. गल्लीत सगळ्यांना कन्नड बोलता येतं, पण वाचताना अनेकजण अडखळतात. आमच्या मागच्या घरातल्या अज्जींनी एका दुपारी गिरणीत बसून आम्हाला शब्द लिहून दिले आणि ती चिठ्ठी मी भिंतीला चिकटवली. मळे म्हणजे पाऊस, भारी मळे म्हणजे मुसळधार, गाळी म्हणजे वारा, गुडुगु गडगडाट, सिडिलु वीज पडणं, वायुभार कुसित म्हणजे कमी दाब, उत्तर ओळनाडु म्हणजे आपला उत्तर अंतर्गत भाग. हळदी पिवळा, कित्तळे नारिंगी, केंपु लाल. एवढं पाठ असलं तरी रात्री दोन वाजता आलेला संदेश कुणाला न उठवता कळतो.

आणखी दोन गोष्टी. उपग्रहाच्या चित्रावर वेळ बहुतेकदा यूटीसीत, म्हणजे जागतिक वेळेत असते, त्यात साडेपाच तास मिळवा. नाहीतर नुकतंच आलेलं चित्र जुनं समजून बाजूला टाकलं जातं. दुसरं, पणजीचं डॉपलर रडार आपल्यापासून सरळ रेषेत ऐंशी किलोमीटरवर आहे, पण पावसाळ्याइतका भरवसा हिवाळ्यात त्यावर ठेवू नका. मध्ये घाट आहे, आणि रडारचा किरण जितका लांब जातो तितका उंच चढतो. सौंदत्ती, बागलकोटकडचे बुटके ढग त्याच्या खालून निघून येतात. चित्र स्वच्छ आणि आभाळ भरलेलं, असं आम्ही दोनदा अनुभवलं आहे.

वारा, दाब आणि थंडी

हे मला सगळ्यात विश्वासाचं वाटतं, कारण याला रेंज लागत नाही.

वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. आपल्या उत्तर गोलार्धात कमी दाबाचं केंद्र साधारण डाव्या हाताला असतं. वारा पूर्वेकडून येत असेल तर तुमचं तोंड पश्चिमेला होतं आणि डावा हात दक्षिणेला, म्हणजे वादळ आपल्या दक्षिणेला आहे. वारा उत्तर-ईशान्येचा असेल तर वादळ अजून पूर्वेलाच आहे, यायचं आहे. तोच वारा ईशान्येवरून पूर्वेला आणि मग आग्नेयेला फिरत गेला तर केंद्र आपल्या दक्षिणेवरून पुढे पश्चिमेला सरकलं. अरबी समुद्रातलं असेल तर सुरुवातीपासूनच वारा दक्षिण-आग्नेयेचा मिळतो. एक अडचण आहे: हिवाळ्यात आपल्याकडे एरवीही पूर्वेचा वारा असतो. मग फरक कशात? नेहमीचा वारा कोरडा असतो, ओठ फुटतात, वाळत घातलेले कपडे दुपारपर्यंत खडखडीत होतात. वादळाच्या आधीचा वारा चिकट असतो. गिरणीत मला तो पिठावरून कळतो, चाळणीला पीठ धरून राहतं.

दिशा बघायला आम्ही गच्चीवर बांबूला जुन्या साडीची पट्टी बांधली आहे. घरांच्या मधल्या बोळात वारा वळतो, म्हणून पट्टी उंच हवी.

दाब बघायला बऱ्याच फोनमध्ये बॅरोमीटर असतो. तलाठ्याच्या ऑफिसात जाणाऱ्या आमच्या पुतण्याच्या फोनमध्ये आहे, त्याला ते काम दिलं. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच आहे, म्हणून फोनचा कच्चा आकडा ९२५-९३० च्या आसपास दिसतो, टीव्हीवर सांगतात तसा हजारच्या वर नाही. घाबरू नका. महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. दाब रोजच दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, सकाळी दहाच्या सुमारास जास्त, दुपारी चारच्या सुमारास कमी, रात्रीही तसंच. सकाळचा आणि दुपारचा आकडा ताडून बघितला तर रोजच वादळ येतंय असं वाटेल. म्हणून कालच्या चार वाजताचा आजच्या चार वाजताशीच लावायचा. एका दिवसात दोन-तीन अंकांनी उतरला आणि दुसऱ्या दिवशीही उतरत राहिला, तर पुतण्या गिरणीत येऊन सांगतो.

आणि थंडी. पहाटेची कडक थंडी एकाएकी पळाली, पांघरूण अंगावर नको झालं, तर वर ढग आणि ओल आली आहे. ढग रात्री जमिनीची ऊब बाहेर जाऊ देत नाहीत. सासूबाई यालाच "थंडी बसली, पाऊस उठला" म्हणतात.

पूर्वेची माणसं जोडा

आमच्याकडच्या प्रत्येक घराचं कोणी ना कोणी पूर्वेला दिलेलं आहे. माझी नणंद बैलहोंगलला, शेजारच्या तात्यांची मुलगी सौंदत्तीला, गिरणीत मदतीला येणाऱ्या मावशींचा भाऊ धारवाडला. आम्ही ही नावं वहीत अंतरासह लिहून ठेवली. सौंदत्तीला पाऊस लागला की सावध, बैलहोंगलला लागला की ताडपत्री हातात, धामण्याच्या शिवारावर पडदा दिसला की दार लावायचं.

फोन करताना चार प्रश्न ठरलेले आहेत. किती वाजता सुरू झाला? सर येऊन गेली की लागून राहिलाय? वारं कुठून? अंगणात पाणी वाहतंय का नुसतं ओलं झालंय? "लई पाऊस" या उत्तराचा काही उपयोग होत नाही. नणंदेला आता सवय झाली आहे. ती फोन उचलताच म्हणते, "अक्का, सव्वाचारला लागला, आग्नेयेचं वारं, पन्हळ वाहुलाल्यात." तेवढ्यावर मला पुढचं सगळं ठरवता येतं.

फोन न उचलला तर कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राची पर्जन्यमापकं ग्रामपंचायतीगणिक बसवलेली आहेत, त्यांचे आकडे बघा. पूर्वेकडच्या तालुक्यांत एकामागून एक आकडे उमटत पश्चिमेला सरकताना दिसले की ती तुमचीच सर आहे.

आमच्या गल्लीच्या ग्रुपवर वादळाच्या दिवसांत एकच नियम असतो: स्वतः डोळ्यांनी बघितलं तेच लिहायचं, वेळ आणि जागा घालून. दुसरीकडून फॉरवर्ड होऊन आलेले व्हिडिओ टाकायचे नाहीत. एका वर्षी कुठल्या तरी जुन्या पुराचा व्हिडिओ आला आणि दोन घरांनी अर्धवट ओलं भात घाईने पोत्यात भरलं. पोती आतून तापली आणि तांदूळ पिवळा पडला.

आपला पाऊस आपण मोजा

सरळ उभ्या भिंतींचा, सपाट बुडाचा डबा घ्या, आम्ही जुना बिस्किटाचा पत्र्याचा डबा वापरतो. तोंड आणि बूड एकाच मापाचं हवं. घर किंवा झाड जितकं उंच, त्याच्या दुप्पट अंतरावर उघड्यावर ठेवा. आजूबाजूला विटा लावा, वाऱ्याने पडू नये. रोज सकाळी साडेआठला शाळेच्या पट्टीने पाणी मोजा, कारण हवामान खात्याचा दिवसही साडेआठला संपतो, मग आकडे जुळवता येतात. मोजल्यावर डबा रिकामा करा.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. एका गुंठ्यावर शंभर लिटर, एका एकरात चार हजार लिटर. वीस मिलिमीटर पडला तर एकरात ऐंशी हजार लिटर पाणी उतरलं. बळ्ळारी नाल्याकाठच्या शेताला हा हिशेब आधी करायला हवा, कारण तिथे वरच्या शिवाराचंही पाणी येतं.

कोणी काय करायचं, कधी

भात उभं असेल आणि पाऊस दोन दिवसांवर असेल तर कापू नका. उभ्या पिकाचं पाणी निथळतं, आडव्याचं नाही. बांधाला खालच्या बाजूने तोंड पाडून ठेवा म्हणजे शेतात पाणी थांबणार नाही. बासमतीसारखं उंच भात वाऱ्याने लोळतं, तिथे चार-पाच चुडं एकत्र धरून बांधली तर तग धरतात. मजूर ठरवलेले असतील तर त्यांना तसं आधीच सांगा, मजुरीच्या भीतीने कापणी रेटू नका. आम्ही तेच केलं होतं.

कापलेलं असेल तर सगळी गल्ली त्या एका शेतात जाते. हे आम्ही ठरवूनच ठेवलं आहे: ज्याचं कापून पडलंय त्याचं आधी, मग ज्याचं खळ्यावर आहे त्याचं. पेंढ्या उंच जागी, लोंब्या आत आणि बुंधे बाहेर ठेवून रचायच्या, खाली पिंजरीचा थर, वर ताडपत्री. ताडपत्रीचा बंद टोक पूर्वेला, उघडा पश्चिमेला. दोरी दगडाला बांधू नका, खुंट्या ठोका. पाऊस उघडला की दुपारी ताडपत्री काढलीच पाहिजे, नाहीतर आत वाफ धरते. भिजलंच आणि ऊन दिसत नसेल तर लिटरला पन्नास ग्रॅम मीठ विरघळवून लोंब्यांवर फवारा, मोड येणं थांबतं. २०२१ ला हे मला कोणी सांगितलं असतं तर!

मसूर, हरभरा पेरायचा असेल तर इशारा उतरेपर्यंत बी घरात ठेवा. साचलेल्या पाण्यात ते कुजतं. वीटभट्टीवर कच्च्या विटा असतील तर नुसतं वरून प्लास्टिक पुरत नाही, थराच्या भोवती चर काढा. विटा खालून विरघळतात.

नारिंगी इशाऱ्याच्या दिवशी मी गिरण पहाटे पाचला सुरू करते. गिरणीला लागणारी थ्री फेज वीज कधी जाईल सांगता येत नाही आणि गेल्यावर कधी येईल तेही नाही. लहान मुलं आणि आजारी माणसं असलेल्या घरांचं दळण आधी, दोन-तीन दिवसांपुरतंच, म्हणजे सगळ्यांचं होतं. त्याच वेळेत टाक्या भरून घ्यायच्या, फोन आणि बॅटरी चार्ज करायच्या. दळणाला आलेली प्रत्येक बाई आपल्या गल्लीची खबर देऊन जाते, तीही वहीत उतरते.

घराच्या पूर्वेच्या अंगाकडे आधी बघा. सरकलेली कौलं, पत्र्यावरचे सुटे दगड, खिडकीखालची भेग, पन्हळीतला पाला. पावसाळ्यात या बाजूला थेंब लागत नाही म्हणून वर्षभर ती कोणी बघत नाही. गोठ्याचं उघडं तोंडही तिकडेच असतं, तिथे पोती शिवून आडोसा करा. निलगिरीखाली जनावर बांधू नका, गाडी लावू नका.

रात्र

रात्री दोन-दोन तासांच्या पाळ्या लावतो. पहिली पाळी तात्यांची, कारण त्यांना झोप उशिरा येते. पहाटेची माझी. जागणाऱ्याने दर अर्ध्या तासाला साडीची पट्टी, नाल्याचं पाणी आणि विजेच्या तारा बघायच्या. नाल्यावर आम्ही फरशीच्या, म्हणजे बुटक्या पुलाच्या, खांबाला चुन्याच्या तीन रेघा मारल्या आहेत. दुसरी रेघ बुडाली की खालच्या दोन घरांतली म्हातारी माणसं वर आणायची, विचारत बसायचं नाही.

वीज चमकल्यावर गडगडाट येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर कोणीही शिवारात राहायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. तार तुटून पडली असेल तर तिच्याजवळ जाऊ नका, काठीने हलवू नका, दोन्ही बाजूंना माणसं उभी करून वाट अडवा आणि १९१२ ला फोन लावा. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७, जिवावरचं असेल तर ११२. हे तीन नंबर खडूने दारामागे लिहा. फोन बंद पडला तर दुसऱ्याच्या फोनवरून लावता येतात.

मध्येच वारा पडला आणि पाऊस थांबला तर लगेच ताडपत्र्या सोडायला धावू नका. वारा आग्नेयेला फिरलाय का बघा, पुतण्याच्या फोनवर दाब कालच्या याच वेळेपेक्षा चढलाय का बघा, सौंदत्तीला फोन करा. तिन्ही ठिकाणांहून बरं उत्तर आलं की मगच.

सकाळी साडेआठला मी डबा मोजते आणि वहीत लिहिते: तारीख, मिलिमीटर, वारा कुठून कुठे फिरला, सौंदत्तीला किती वाजता लागला आणि आपल्याकडे किती वाजता. आत्तापर्यंतच्या नोंदींत हे अंतर चार ते सात तासांचं निघालं आहे. तुमच्या गावाचं वेगळं निघेल. पहिल्याच वादळापासून लिहायला घ्या.